गुऱ्हाळ

मार्चमध्ये रात्री उणे चार, दिवसा अधिक सहा
असं पडलं की व्हरमाँटच्या मेपलना पाझर फुटतो,
आणि ऑरिन लाब्रेकच्या खोपटातलं चुलवण
पहाटेपर्यंत विझत नाही.
मी लाकडं सारतो. तो काहिलीवरचा फेस बघतो.
बोलायला विषय एकच, एकोणीस वर्षं तोच:
'स्लो फेरी'चे सात अल्बम,
कुठला वर, कुठला खाली.

तसा हा प्रश्नच चुकीचा.
ती मंडळी स्टेजवरची. नमनालाच घडाभर तेल.
गाणं पस्तीस मिनिटांचं, आणि मध्येच हॉलिस
गिटार घेऊन कुठल्याशा आडवाटेला शिरायचा,
बाकीचे तिघं त्याला शोधत मागून जायचे,
सापडला, की ओल्या कुरणात
आम्ही चार हजार माणसं एकदम ओरडायचो.
स्टुडिओत तेच गाणं चार मिनिटं दहा सेकंद.
"चाळीस बादल्या रस, एक बादली पाक,"
ऑरिन म्हणतो. "तक्रार कसली करतोस?"

सातवा ठरलेला. 'पेल्टियर्स ट्रॅक्टर'.
बाहेरून निर्माता आणला, त्याने ड्रम्सना इस्त्री केली,
भाड्याची व्हायोलिनं बसवली,
आणि शेवटचं गाणं ऐन रंगात येताना
आवाज हळूहळू उतरवत नेला,
पाहुणे बसलेले असताना दिवे मालवावेत तसा.
ऑरिनने ती रेकॉर्ड वर्षभर
खुराड्याच्या फुटक्या काचेला टेकवून ठेवली होती.

'ब्लॅक आइस' सहावा. पटत कुणालाच नाही,
पण भांडायला अंगात जोर उरलेला नाही.
'सॅप बकेट' मी दुसरा म्हणतो, तो चौथा,
कारण त्या साली डेल्फीन गेली
आणि कॅसेट तिच्या गाडीतच राहिली.
जे पुन्हा ऐकता येत नाही
त्याला चौथ्याच्या वर बसवायचं नाही, हा त्याचा नियम.

पहिला तो बिननावाचा, हिरव्या कव्हरचा,
गोठ्यात रेकॉर्ड केलेला.
तिसऱ्या गाण्यात गाय हंबरते, आणि सुरात हंबरते.
गायीवरून आमच्यात वाद नाही.

मारिस, त्याची मुलगी, रसात अंडी उकडायला आली.
ती जन्मली त्याच उन्हाळ्यात
हॉलिस गेला, बँडचं सूप वाजलं.
पाठकोऱ्या पावतीवरची आमची यादी तिने वाचली.
"ट्रॅक्टर पहिला," म्हणाली.

आम्ही हसलो. ती अंडी मोजत होती.

"तुम्ही त्या गाण्यांत जे नाही तेच ऐकता.
मला एवढंच मिळालंय, चार मिनिटं.
खुराड्यातून ती रेकॉर्ड मी काढली, मी धुतली.
शेवटी आवाज उतरतो ना,
तेव्हा मी स्पीकरला कान लावून बसायचे.
ते थांबत नाहीत, बाबा.
वाजवतच असतात. फक्त लांब जातात."

ऑरिनने चष्मा पुसला. वाफ खूप होती.
खिडकीत नमुन्याच्या बाटल्या ओळीने:
सोनेरी, तांबूस, गडद, त्याहून गडद.
हंगाम सरतो तसा पाक काळवंडतो,
बाजारात भाव उतरतो,
लाब्रेकांच्या घरी मात्र पॅनकेकवर शेवटचाच लागतो,
त्याला धुराची चव असते म्हणून.
हे मला तेव्हाच का आठवलं
ते विचारायला वेळ मिळाला नाही,
कारण काहिलीचा कोपरा करपला.

मग नुसता गोंधळ. फ्रेंचमधल्या शिव्या,
बादलीभर थंड रस, उसळलेला फेस,
दोन अंडी जमिनीवर.
बावीस लिटर पाक गेला.
"गुऱ्हाळ लावून बसलात," मी स्वतःलाच म्हणालो,
आणि ते दोन्ही अर्थांनी खरं होतं.

पावती अजून माझ्या खिशात आहे.
ट्रॅक्टर सातवाच आहे; आमचीही काही इभ्रत आहे.
तिसऱ्या जागी मात्र
ऑरिनच्या अंगठ्याचा चिकट, तपकिरी ठसा.
त्याखाली कुठलं नाव होतं
ते दोघांनाही आठवत नाही.